टायरची निवड सुरू होते वजनकाट्यावर

जुन्या प्रवासी व्हॅनचं फिरतं घर करून देण्याच्या आणि अशी घरं रस्त्यावर धडधाकट ठेवण्याच्या कामात सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न टायरचा असतो. तो बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने येतो : कुठल्या कंपनीचे टाकू? त्याच्या मागोमाग किंमत, नक्षी, टायर चिखलात चालेल का, वाळूत चालेल का, हे सगळं येतं. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांची पाळी फार उशिरा यायला हवी. आधी कळायला हवं की घर झालेल्या या गाडीचं आजचं वजन किती आहे आणि त्यातलं कोणत्या चाकावर किती येतं. त्यानंतर पाहायचं टायरचं वय. या दोन गोष्टी ठरल्या की कंपनी आणि नक्षी निवडायला फारशी डोकेफोड लागत नाही. त्या न ठरवता घेतलेला टायर कितीही नावाजलेला असला, तरी तो चालून गेला तर ते नशीबच म्हणायचं.

आपल्याकडे या कामासाठी वारंवार येणारी गाडी म्हणजे पहिल्या पिढीची टाटा विंगर. 2007 साली बाजारात आलेली ही व्हॅन रेनोच्या 1980 च्या सुमाराच्या ट्रॅफिक या गाडीच्या आराखड्यावर बेतलेली आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट नाही आणि आतली फरशी खाली आहे. आत उभं राहता येईल अशी खोली काढायला ते सोयीचं पडतं. शाळेच्या फेऱ्या, कंपनीची ने-आण, रुग्णवाहिका असं आयुष्य काढून ही गाडी दहा-बारा वर्षांनी स्वस्तात मिळते आणि मग तिचं घर होतं. तिचे मूळ टायर 195 आर 15 एलटी या मापाचे, 8 पीआर बांधणीचे, म्हणजे माल आणि माणसं वाहणाऱ्या व्यावसायिक गाडीचे. या मापाच्या टायरवर साधारणपणे 106/104 असा अंक छापलेला असतो. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. हे किलो नव्हेत, ठरलेल्या कोष्टकातले क्रमांक आहेत : 106 म्हणजे एका टायरवर 950 किलो, 104 म्हणजे 900, 100 म्हणजे 800 आणि 94 म्हणजे 670. टायरच्या कडेवर रुंदीचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, म्हणून सगळ्यांना तो पाठ असतो. त्याच्याच शेजारी छापलेल्या या छोट्या अंकाकडे दुकानात क्वचितच कोणी बोट दाखवतं, आणि फिरत्या घराच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे.

प्रवासी गाडीचं घर झालं की तिच्या वजनाचा स्वभावच बदलतो. प्रवासी चढतात आणि उतरतात. घर मात्र गाडीतून कधीच उतरत नाही. अठरा मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटी प्लायवुडच्या एका पत्र्याचं वजन तीस-पस्तीस किलो भरतं, आणि पलंग, कपाट, ओटा, फडताळं धरली की असे कितीतरी पत्रे आत जातात. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो पाणी. भरलेलं घरगुती सिलिंडर तीस किलोच्या घरात. इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर. त्यात छपरावरचे सौर पॅनल, बाजूची ताडपत्री, फ्रिज, भांडी, गाद्या. शिवाय हा भार सारखा वाटलेला नसतो. पाण्याची टाकी आणि ओटा बऱ्याचदा एकाच बाजूला येतात, कारण नळजोडणी तिथेच सोपी पडते. जड सामान मागच्या दाराशी जातं, कारण तिथे हात पोचतो. मागच्या आसाच्याही मागे ठेवलेलं वजन मागच्या चाकांवर पूर्ण पडतंच, वर पुढचा भाग थोडा उचलतं. म्हणजे पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत ओल्या घाटात नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात आणि मागची बिचारी दबतात. हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. वजनकाट्यावर दिसतं.

वजनकाटा शोधायला फार लांब जावं लागत नाही. साखर कारखाना, बाजार समितीचं आवार, खडी क्रशर, भंगाराची मोठी वखार, यांपैकी काहीतरी प्रत्येक तालुक्यात असतं आणि पावतीचे पैसे टायरच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ. गाडी नेताना टाकी भरलेली हवी, सिलिंडर जागेवर हवं आणि जी माणसं प्रवासाला जाणार ती आत बसलेली हवीत. रिकामी गाडी तोलून हाती काहीच लागत नाही. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्यायची. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, नंतर उलट. काट्याच्या कडेला सपाट जागा असेल तर एका बाजूची दोन चाकंही वेगळी तोलता येतात. काटेवाल्याला सुरुवातीला हा प्रकार विचित्र वाटतो, पण कशासाठी ते सांगितलं की तो आनंदाने मदत करतो. पूर्ण वजन नोंदणीपत्रात लिहिलेल्या एकूण वजनाच्या आत आहे की नाही, हे पहिल्याच पावतीवर कळतं. ते बाहेर असेल तर टायरचा विषय तिथेच थांबवून सामान उतरवायला घ्यायचं. कारखान्याने ठरवलेली मर्यादा ब्रेक, आस आणि सांगाडा या सगळ्यांसाठी मिळून असते, नुसता मोठा टायर घालून ती वाढत नाही.

आता समजा, मागच्या आसावर 1,560 किलो आले आणि टाकीमुळे डाव्या बाजूला 820, उजवीकडे 740 अशी विभागणी झाली. जुन्या विंगरला सर्रास सुचवला जाणारा बदल म्हणजे इनोव्हाचे 205/65 आर 15. रिम पंधरा इंचीच, रुंदी उलट दहा मिलिमीटर जास्त, दिसायला भरीव, कुठेही मिळतात आणि गाडी मऊ चालते. पण त्या टायरचा अंक 94, म्हणजे 670 किलो. डाव्या चाकावर दीडशे किलो जास्तीचे, आणि हलक्या उजव्या चाकावरसुद्धा सत्तर. शिवाय त्याचा व्यास मूळ टायरपेक्षा पाचेक सेंटिमीटर कमी, त्यामुळे गाडी अडीच सेंटिमीटर खाली बसते आणि वेगाचा काटा ऐंशी दाखवत असताना खरा वेग चौऱ्याहत्तरच्या आसपास असतो. दुसरा सल्ला असतो बोलेरोच्या 215/75 आर 15 चा. व्यास जवळजवळ जुळतो, म्हणून हा सल्ला जास्त पटतो. पण प्रवासी मोटारीच्या बांधणीत या मापाचा अंक 100 असतो, म्हणजे 800 किलो, आणि आपल्या डाव्या चाकाला तोही पुरत नाही. अमेरिकेतला नियम तर असा आहे की मोटारीचा टायर व्हॅन किंवा ट्रकला लावायचा झाला तर त्याची छापील क्षमता 1.1 ने भागून धरायची, कारण उंच आणि जड गाडी वळणावर टायरला मोटारीपेक्षा जास्त छळते. त्या हिशेबाने 800 चे 727 होतात आणि उजवं चाकही हद्दीबाहेर जातं. याच 215/75 आर 15 मापात व्यावसायिक बांधणीचा टायरही असतो आणि तो बराच जास्त भार पेलतो. दोन्ही शेजारी ठेवले तर लांबून फरक कळत नाही. जवळून पाहिलं तर एलटी ही अक्षरं, पीआरचा आकडा आणि भाराचा अंक वेगळा दिसतो. आयएसआय चिन्हाजवळचा मानक क्रमांकही सांगून जातो : मोटारीच्या टायरसाठी आयएस 15633, व्यावसायिक वाहनाच्या टायरसाठी आयएस 15636. दुकानातल्या कमी उजेडात मोबाइलची टॉर्च मारून एवढं वाचायला एक मिनिट लागतं.

भार जास्त झाला की टायर लगेच फुटतो असं नाही, म्हणूनच लोकांचा या गोष्टीवर विश्वास बसत नाही. जास्त भाराखाली किंवा कमी हवेत टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. थांबत, वळत, खड्डे चुकवत जाणाऱ्या गाडीत ती उष्णता निघून जायला वेळ मिळतो. एकसारख्या वेगाने तासन्‌तास पळणाऱ्या गाडीत ती साठत जाते आणि आतले पोलादी तारांचे पट्टे व रबर यांची पकड सुटायला लागते. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला आणि फिरत्या घरवाल्यांना विदर्भ एका दिवसात आला. पण उन्हाळ्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर असा सलग प्रवास ही जुन्या, दबलेल्या टायरची सगळ्यांत कठीण परीक्षा आहे. अमेरिकेत 2000 च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. नक्षीचा पट्टा सुटून गाड्या उलटण्याचे ते प्रकार प्रामुख्याने टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या उष्ण राज्यांत घडले होते, आणि टायरच्या दोषाबरोबर कमी हवा, भार आणि वेग यांचीही चर्चा झाली. त्यातूनच तिथे नवा कायदा आला आणि मोटारींत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. उष्णता, भार आणि वेग एकत्र आले की काय होतं, याचा याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो : अहो, वडापच्या गाड्या याच्या दुप्पट माणसं कोंबून रोज पळतात, त्यांना काही होत नाही. होत नाही हे पहिल्यांदा खरं नाही. आणि जेवढं खरं आहे त्याची कारणं वेगळी आहेत. वडापची गाडी गावागावांत थांबते, तिचा भार दिवसातून दहा वेळा उतरतो, ती फार वेगाने फार लांब जात नाही, आणि तिचे टायर वर्ष-दीड वर्षात झिजून बदलले जातात. फिरत्या घराचा भार उभ्या गाडीतही रात्रंदिवस टायरवर असतो आणि तोच टायर पुढे कितीतरी वर्षं ठेवायचा विचार असतो. दुसरा आक्षेप पाट्यांचा. मागे पाटे वाढवून घेतले, गाडी आता बसत नाही, मग टायर कुठलाही चालेल, असं समजलं जातं. पाटे वाढवल्याने गाडीचं ढुंगण वर राहतं एवढंच. चाकावर येणारं वजन एका किलोनेही कमी होत नाही. उलट दबलेली गाडी दिसायची बंद होते, आणि जी खूण मालकाला सावध करत होती तीच जाते.

तिसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. व्यावसायिक टायर कडक असतो, गाडी दणके देते, आतली भांडी वाजतात, फर्निचरचे सांधे ढिले होतात. हे अनुभवाला येतं आणि नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातला मोठा वाटा टायरचा नसून आंधळेपणाने भरलेल्या हवेचा असतो. 8 पीआरच्या या टायरचा पूर्ण 950 किलोचा भार 65 पीएसआयच्या आसपासच्या दाबाला पेलला जातो. म्हणून चारही चाकांत 65 भरले जातात, पुढच्या चाकावर सहाशेच किलो असले तरी. टायर कंपन्या भार आणि दाब यांचं कोष्टक देतात. काट्याच्या पावतीवरचा आकडा त्यात शोधला की प्रत्येक आसाचा दाब ठरवता येतो, आणि पुढे तो बराच कमी निघू शकतो. म्हणजे काट्यावर गेल्याने गाडीची सुरक्षितता वाढतेच, शिवाय तिचं चालणंही मऊ होतं. जड बाजूच्या चाकाला लागणारा दाब त्या आसाच्या दोन्ही चाकांत भरायचा, आणि तोही टायर थंड असताना. दर दहा अंश तापमानाला दाब तीन-चार टक्क्यांनी वर-खाली होतो. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून ढाब्यावर हवा सोडणं ही फार घातक सवय आहे, कारण गार झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो. हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, असंही विचारतात. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला दाब तपासणं त्याहून कितीतरी मोलाचं.

आता वय. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 लिहिलं असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. फिरतं घर वर्षातून मोजक्या सहली करतं आणि उरलेले दिवस सोसायटीच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर उभं असतं. त्याची नक्षी वर्षानुवर्षं नव्यासारखी राहते आणि मालक त्यावर खूश असतो. रबर मात्र त्या काळात वाळत असतं. ओझोन आणि ऊन यांपासून वाचवण्यासाठी रबरात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. टायर चालताना वाकतो तेव्हाच ती नीट पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरला हे संरक्षण पुरेसं मिळत नाही. म्हणून कडेवर, रिमच्या काठाशी, नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागतात. चाक थोडं पुढे-मागे करून, जमिनीला टेकलेला भाग वर आणून, बोटाने रबर ताणून पाहिलं तर त्या जास्त स्पष्ट होतात. त्याहून वाईट म्हणजे आतल्या दाबाखालच्या हवेतला प्राणवायू रबरातून झिरपत राहतो आणि पट्ट्यांच्या कडांजवळचं रबर आतूनच कठीण करतो. ते बाहेरून कोणालाच दिसत नाही, अगदी कसलेल्या पंक्चरवाल्यालाही नाही.

ब्रिटनमध्ये 2012 च्या सप्टेंबरात एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा जीव गेला. तो टायर एकोणीस वर्षांहून जुना निघाला, आणि टायरच्या वयाबद्दल तेव्हा कायदाच नव्हता. त्या तिघांपैकी एका तरुणाच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या आसावर, तसंच मिनीबसच्या सगळ्या एकेरी चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर वापरायला बंदी आली. मिनीबस म्हणजे आपल्या विंगरच्याच जातकुळीची गाडी. जर्मनीत ताशी शंभरने ट्रेलर ओढण्याची परवानगी हवी असेल तर त्याचे टायर सहा वर्षांच्या आतले लागतात. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्लाही असाच : पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी, आणि नक्षी कितीही उरली असली तरी दहाव्या वर्षी निरोप. आपल्या उन्हात, जड आणि बहुतेक काळ उभ्या असणाऱ्या गाडीसाठी मी सहा-सात वर्षांवर थांबायला सांगतो. हा माझा अंदाज आहे, कायदा नाही. पण दहाची वाट पाहण्यात वाचणारे पैसे फार थोडे आहेत.

‘वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे चांगले टायर फेकून द्यायचे?’ या प्रश्नातली हळहळ मला समजते, कारण काटकसरीत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना चालू वस्तू टाकवत नाही. पण इथे चालू असण्याचं माप नक्षी नाही. म्हणूनच महागड्या, लाखभर किलोमीटर चालणाऱ्या टायरवर खर्च करणं या गाडीसाठी व्यर्थ आहे. ते आयुष्य संपायच्या आत टायर म्हातारा होणार. योग्य भारांकाचा, मध्यम किमतीचा, पण तीन-चार महिन्यांपूर्वी तयार झालेला टायर दोन वर्षं गोदामात पडलेल्या भारी टायरपेक्षा चांगला. दुकानदाराकडे ताज्या तारखेचा आग्रह धरायला संकोच वाटू देऊ नये, दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतोच. रिमोल्डचं उत्तरही यातच आहे. ट्रकची नक्षी काही महिन्यांत झिजते आणि सांगाडा दणकट उरतो, तिथे वर नवा पट्टा चढवणं शहाणपणाचं आहे. फिरत्या घरात नक्षी उरते आणि सांगाडा संपतो. तिथे रिमोल्ड म्हणजे जे चांगलं होतं ते बदलून जे गेलं ते तसंच ठेवणं.

नक्षीबद्दल थोडक्यात. चारचाकीसाठी कायद्याची किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे, पण सह्याद्रीच्या पावसात घाटरस्त्यावर वाहणारं पाणी कापायला तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. जाड गोट्यांचे एटी टायर रुबाबदार दिसतात. कोकणातल्या शेतरस्त्यांवर नेहमी जाणाऱ्याने भारांक जुळत असेल तर सौम्य नक्षीचे एटी जरूर घ्यावेत. बाकीच्यांना त्यातून आवाज, जड स्टीअरिंग आणि कमी मायलेज एवढंच मिळतं. दोनच टायर बदलायचे झाले तर नवे मागे लावावेत. पुढची चाकं ओढतात, झिजतात पुढचेच, मग नवे मागे कशाला, असं सगळेच विचारतात. ओल्या रस्त्यावर पुढचं टोक घसरलं तर वेग कमी करून सावरता येतं, मागचं घसरलं की जड मागच्या भागाची गाडी गिरकी घेते. खरं तर फिरत्या घराचे चारही टायर एकत्रच म्हातारे होतात, तेव्हा एकत्रच बदलावेत, आणि पाचवी स्टेपनी विसरू नये. गाडीखाली चिखल आणि उष्णता खात लटकणारी स्टेपनी बहुधा सगळ्यांत जुनी असते. बसवताना व्हॉल्व्हही नवे घ्यावेत. मोटारींना लावतात ते साधे रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतच्याच दाबासाठी असतात, म्हणून पूर्ण दाबाच्या टायरला धातूचे किंवा जास्त दाबाचे व्हॉल्व्ह मागावेत. हौसेने घातलेल्या अलॉय रिमची भारक्षमताही रिमच्या आतल्या बाजूला छापलेली असते, तीही वाचावी.

शेवटचं सांगणं गाडीमालकांना नाही, माझ्यासारखंच काम करणाऱ्यांना आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस 124 हे मानक आहे, महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, आणि या गाड्या वाढतच जाणार. आपण पलंगाची लांबी, ओट्याची उंची, दिव्यांच्या जागा गिऱ्हाइकाला बारकाईने दाखवतो. गाडी ताब्यात देताना, टाकी भरून, प्रत्येक आसाचं वजन दाखवणारी काट्याची पावती आणि त्यावरून काढलेला हवेचा दाब लिहून द्या. दाराच्या आतल्या बाजूला तो कागद चिकटवा. गाडी पुढे कोणी विकत घेतली, तर त्यालाही तो तिथेच मिळेल.